थांबल्यावरही न थांबणारी गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधल्या काळात नातेवाइकांपैकी तिघांनी फोनवर विचारले, "तुमची वॅगन-आर आहे का विकली?" आणि तिघांना मी तीन वेगळी उत्तरे दिली, त्या त्या दिवशी जसा मूड होता तशी. म्हटले आता एकदाच सगळ्यांसाठी सविस्तर लिहून टाकावे. तर मंडळी, गाडी आहे. विकलेली नाही. तिचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलले आहेत. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का, आणि करायचा तर नेमका केव्हा, हे ठरवायला मला जवळजवळ महिना लागला. त्या महिन्यात जे कळले ते इथे लिहितो.

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. केले तेही मराठी माध्यमातून. त्यामुळे यंत्रशास्त्रातले मला कळते असा माझा मुळीच दावा नाही. आमच्या वाचकांत दोन-तीन इंजिनियर आहेत, त्यांनी हे गोड मानून घ्यावे.

आधी शब्दाचे बोलू, कारण मास्तराची खोड जात नाही. आपण सगळे ‘शॉकअप’ म्हणतो, गॅरेजात कुणी ‘शॉकर’ म्हणतो, पुस्तकी मराठीत ‘धक्काशोषक’. आता गंमत अशी की हा भाग धक्का शोषतच नाही! धक्का झेलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की जे घेतले ते परत केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दबली की उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. तिला एकटीला सोडले तर एका खड्ड्याचे दहा झोके होतील. ते झोके मारायचे काम शॉकअपचे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. दट्ट्या खालीवर होताना तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते आणि त्यात त्या उसळीची ताकद जिरून उष्णता होते. इंग्रज लोक याला ‘डँपर’ म्हणतात, म्हणजे शमवणारा. ते नाव जास्त बरोबर आहे.

हे मला ज्या क्षणी नीट कळले तेव्हा डोळ्यांसमोर आली ती आमच्या गावाकडची बंडी. माझे गाव भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या मुलखातले. लहानपणी लग्नाकार्याला बंडीतून जायचे असले की आजोबा आधी तणसाचा हातभर थर घालत, वर सतरंजी. बंडीला ना कमानी ना स्प्रिंग, पण तणसावर बसले की हाडे शाबूत राहत. का? कारण तणीस दबते आणि दबून राहते, उलट उसळत नाही. त्याच गावाहून तालुक्याला जायला टांगा असे, त्याला खाली कमानपाटे. टांगा बंडीपेक्षा मऊ, पण झोके देणारा. एकात स्प्रिंग नव्हती पण शॉकअप होता (तणसाचा!), दुसऱ्यात स्प्रिंग होती पण शॉकअप नाही, म्हणजे पाट्यावर पाटा घासून जे काही शमेल तेवढेच. पूर्वीच्या एसटीत सगळ्यात मागच्या बाकावर बसून ज्यांनी प्रवास केला त्यांना मी आणखी काही सांगायला नको.

असो. आता मुद्द्यावर.

आमच्या सौ.ना गेल्या हिवाळ्यात पाठीचा त्रास सुरू झाला. तपासणीत निघाले की हाडे ठिसूळ झाली आहेत आणि कण्याचा एक मणका थोडा दबला आहे. डॉक्टरांनी गोळ्या, इंजेक्शन, पट्टा सगळे दिले आणि वर सांगितले, "धक्के टाळा." तेवढेच दोन शब्द, पण आमच्या घरात त्यांनी मोठा पेच टाकला. कारण हिची मोठी बहीण, आमची अक्का, भंडाऱ्याला असते. वय ८२, अंथरुणाला खिळलेली. ही दर तीन आठवड्यांनी तिच्याकडे जाते, वेणी घालून देते, दुपारभर बसते आणि संध्याकाळी आम्ही परत येतो. नागपूर ते भंडारा साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. हा रस्ता बंद झाला तर काय बंद होईल हे मी इथे लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे.

त्यातच पावसाळ्यात एकदा उमरेड रोडला आमच्यापुढे एक बकरीचे पिल्लू आले. मी ब्रेक दाबला, गाडी वेळेत थांबली, पिल्लू उड्या मारत गेलेही. पण गाडीचे नाक खाली गेले, मग वर आले, पुन्हा खाली गेले. ही डॅशबोर्डला हात टेकवून बसली होती. म्हणाली, "अहो, ही गाडी हल्ली थांबल्यावरही थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. आठवीत असताना सनावळ्या त्याच्या डोक्यात कधी बसल्या नाहीत, पण कोणत्या गाडीचा कोणता नट किती नंबरचा हे तोंडपाठ. हिचे वाक्य मी त्याला जसेच्या तसे सांगितले तर तो हसला. "सर, काकूंनी बरोबर पकडलं न! चालवणाऱ्याले नाई समजत कधीच. बाजूले बसलेल्याले समजते."

यात तथ्य आहे. शॉकअप एका दिवसात जात नाहीत. दर महिन्याला केसभर खराब होतात आणि चालवणाऱ्याचे हातपाय नकळत त्यानुसार बदलत जातात. वळणावर आपण थोडे हळू होतो, गतिरोधकावर थोडे आधी ब्रेक लावतो, आणि वाटते की वय झाले म्हणून आपण सावध झालो. म्हणून वर्षातून एकदा तरी दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला देऊन आपण बाजूला बसावे.

मग त्याने मला परीक्षा दाखवली. बोनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दोन-तीनदा दाबायचा आणि वर येताना सोडून द्यायचा. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन जागेवर बसते. आमची डावी बाजू तीनदा हलली, उजवी दोनदा. पण या परीक्षेवर पूर्ण विसंबू नये असे त्यानेच सांगितले. हाताने दाबणे म्हणजे सावकाश दाबणे. खड्ड्याचा दणका फार वेगाने येतो. काही शॉकअप हाताच्या परीक्षेत पास होतात आणि रस्त्यावर नापास. (अशी मुले मी चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिली. उलटीही पाहिली.)

दुसरी खूण तेलाची. शॉकअपच्या अंगावर जरा ओलसर धूळ चिकटलेली असणे वेगळे आणि तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असणे वेगळे. ओलसरपणाने घाबरू नये. ओघळ असेल तर आतले सील गेले, आणि तेल गेले की आत काही उरले नाही. आमच्या डाव्या बाजूला ओघळ होता.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडली कारण तिला हाताखेरीज काही लागत नाही. टायरवरून तळहात फिरवायचा, गोलाकार, हळू. टायर एका कडेने झिजला असेल तर दोष बहुधा अलाइनमेंटचा किंवा हवेचा. पण उंच-सखल, उंच-सखल असा लाटांसारखा लागला तर चाक रस्त्यावर टेकून न चालता टप्पे घेत चालले आहे असे समजावे. आमच्या पुढच्या डाव्या टायरवर मला स्पष्ट लाटा लागल्या. डोळ्यांना मात्र टायर अगदी चांगला दिसत होता.

आणि आवाज? मी त्याला म्हटले, खडखड तर फारशी येत नाही. तो म्हणाला, "सर, खडखड आली तर बुश पाहा, माउंटिंग पाहा, बॉल जॉइंट पाहा. शॉकप तर चुपचाप जाते." लोक आवाजावरून शॉकअप बदलून घेतात, आठ-दहा हजार घालवतात आणि आवाज तसाच राहतो. आणि ज्यांचे खरोखर गेलेले असतात ते आवाज नाही म्हणून निर्धास्त असतात. आमच्या गाडीत थोडी खट-खट होती ती खालच्या आर्मच्या बुशची निघाली.

आणखी एक युक्ती सांगितली. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर येऊन लगेच चारही शॉकअपला हात लावून पाहायचा. काम करणारा कोमट लागतो, मेलेला थंड. मी म्हटले, बाबा रे, नागपूरच्या मे महिन्यात मेलेलाही गरम लागेल. ही परीक्षा थंडीत घ्यावी.

आता स्ट्रट आणि शॉकअप यांत फरक काय, तेही सांगतो, कारण बिलात दोन्ही शब्द येतात आणि माणूस गोंधळतो. आमच्या गाडीच्या मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढे मात्र दोन्ही एकत्र. शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली आणि तो सगळा उभा खांब गाडीचे वजनही पेलतो आणि स्टिअरिंग फिरवले की चाकाबरोबर फिरतोही. हा स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ही रचना बसवली. जनरल मोटर्समध्ये असताना त्याने एका लहान गाडीसाठी काम केले, ती गाडी बाजारात आलीच नाही, मग तो फोर्डकडे गेला आणि १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलवर ती रचना लोकांनी पाहिली. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. म्हणून जगभरच्या लहान गाड्यांनी ती उचलली. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे मारुती ८०० आली तिच्या पुढच्या चाकांनाही हेच. म्हणजे मध्यमवर्गाच्या घरात स्ट्रट येऊन चाळीस वर्षे उलटली, नाव मात्र मला यंदा कळले.

खांब वजन पेलतो म्हणून पुढचे काम मागच्यापेक्षा खर्चिक. स्ट्रट उघडताना स्प्रिंग आवळून धरावी लागते आणि आवळलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा मोडू शकते. आमच्या पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाहून "मामा, मी सुटीत येऊन करून देतो" असे कळवले होते. त्याला इथूनच आशीर्वाद आणि नकार, दोन्ही.

केव्हा बदलावे याचा आकडा विचाराल तर परदेशी कंपन्या साधारण पन्नास हजार मैल, म्हणजे ८० हजार किलोमीटर सांगतात. आमची गाडी ७१ हजार चालली आहे. त्या हिशेबाने अजून नऊ हजार बाकी! पण किलोमीटर मोजणारा आकडा हा रोज चालणाऱ्या गाडीसाठी. निवृत्त माणसाची गाडी आठवड्यातून दोनदा निघते, बाकी वेळ उभी. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारे होते, त्यातून आमचे पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे पंधरा. शिवाय नागपुरात गेल्या काही वर्षांत इतके सिमेंटचे रस्ते झाले, ते दिसायला गुळगुळीत, पण दर काही फुटांवर जोड. त्यावरून गाडी टक-टक-टक करीत जाते. आणि सिमेंट संपून डांबर सुरू होते तिथे बोटभर पायरी असतेच. गल्लोगल्लीच्या गतिरोधकांचे तर बोलूच नये, त्यांना कुठलेच मोजमाप नाही. तेव्हा आमच्यासारख्यांनी किलोमीटरपेक्षा वर्षे मोजावीत, आणि वर्षांपेक्षाही टायर चाचपावा.

माझ्या मनाला खरी लागलेली गोष्ट पुढची आहे. इतके दिवस मी शॉकअपला आरामाची वस्तू समजत होतो. आपण कुरकुर न करता सहन केले की झाले. हिच्या पाठीसाठी उशी घ्यावी, हळू चालवावे, झाले. मिस्त्रीने एका वाक्यात ते फिरवले: "सर, ब्रेक चाकाले थांबवते, गाडीले थांबवते तो टायर." टायर रस्त्याला दाबून धरलेला असेल तरच. ज्या क्षणी चाक उसळून हवेत आहे, मग ते दोन बोटे का असेना, त्या क्षणी ब्रेक, टायर सगळे असून नसल्यासारखे. ओल्या रस्त्यावर, वळणावर, खड्ड्यांच्या रांगेवर हे पुन्हा पुन्हा घडते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. नवे टायर, नवे ब्रेक पॅड घालून काही होत नाही. म्हणजे प्रश्न हिच्या पाठीपुरता नव्हता. रस्त्यावरच्या त्या बकरीच्या पिल्लाचाही होता, आणि पिल्लाच्या जागी कुणीही असू शकते.

आता पैशाचे. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तर त्यांनी गाडीखाली न वाकता चारही शॉकअप, चारही स्प्रिंगा, दोन्ही आर्म असे ३१,८०० रुपयांचे अंदाजपत्रक छापून हातात दिले. बंगलोरहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडीचीच किंमत लाख-सव्वा लाख. विका आणि कॅब करा." हिशेब म्हणून त्याचे बरोबर आहे. पण कॅबवाला अक्काच्या दारात दुपारभर थांबत नाही, थांबला तर मीटर थांबत नाही, आणि त्याच्या गाडीचे शॉकअप कसे आहेत हे मी बोनेट दाबून पाहू शकत नाही.

मी हिशेब असा मांडला. गाडी २०१० ची, एमएच-३१. पंधरा वर्षे झाल्यावर २०२५ मध्ये तिची नोंदणी पुन्हा केली. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वर पर्यावरण कर आणि ती नवीन नंबर प्लेट. नोंदणी मिळाली पाच वर्षांची. माझे लायसन्सही आता पाचच वर्षांसाठी मिळते. म्हणजे गाडीला आणि मला सरकारने सारखीच मुदत दिली आहे. मिस्त्रीचा अंदाज १२,४०० रुपये: पुढचे दोन स्ट्रट, त्यांची वरची माउंटिंग, धुळीपासून वाचवणारे रबरी बूट, आतले रबरी ठोकळे, आर्मचे बुश, मजुरी आणि शेवटी अलाइनमेंट. पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला दोनशे सात रुपये. गाडीची विक्रीची किंमत या हिशेबात कुठेच येत नाही, कारण मला ती विकायची नाही, चालवायची आहे. पत्रा गंजला असता, इंजिन तेल खात असते तर मी चिरंजीवांचे ऐकले असते.

एकच बाजू गळते आहे तर एकच बदलू का, असे मी विचारले. नाही. जोडी बदलायची, निदान एका आसावरची. एक पाय नवा आणि एक जुना असला की गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढ घेते. मागची जोडी अजून कोरडी आहे, ती राहू दिली. आणि रस्त्यावर कुणी ‘तेल भरून देतो, सातशे रुपयांत नवा’ म्हणाला तर हात जोडावेत. काळा रंग मारलेला जुना शॉकअप ओळखू येत नाही. वस्तू खोक्यासकट घ्यावी, पावती घ्यावी. नाव असलेल्या कंपन्या आपल्याकडे आहेत. गॅब्रिएल इंडिया तर १९६१ पासून हेच करते आहे आणि चाकण-नाशिकला तिचे कारखाने आहेत.

काम सुरू असताना मी स्टूल टाकून बसलो होतो. जुना स्ट्रट सुटा करून मिस्त्रीने माझ्या हातात दिला. "दाबा सर." मी अंगठ्याने दांडा दाबला, तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि आतच राहिला. मग नवा दिला. त्याला दोन्ही हातांनी, छातीचा जोर लावून दाबावे लागले आणि सोडताच तो सावकाश, एकाच चालीने बाहेर आला. आत वायू भरलेला असतो म्हणून. गाडीखाली पंधरा वर्षे काय चालले होते ते त्या दोन दांड्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितले. जुने दोन्ही मी मागून घेतले आणि त्याच्याकडूनच मधोमध कापून भंगारात दिले, म्हणजे काळा रंग लावून ते पुन्हा कुणाच्या गाडीखाली जायला नकोत. त्याला ते जरा चमत्कारिक वाटले, पण सरांपुढे बोलला नाही.

पुढच्या रविवारी भंडाऱ्याला गेलो. पारडीकडून निघालो, मी मुद्दाम काही विचारले नाही. मौद्याजवळ कन्हानचा पूल आला तेव्हा बाजूला पाहिले तर ही झोपली होती. गाडीत हिला झोप लागली त्याला वर्ष होऊन गेले असेल. अक्काकडे वेणीफणी झाली, चहा झाला, परत येताना हिची पाठ दुखली नाही असे मी म्हणणार नाही. दुखली, पण नेहमीच्या जागी, नेहमीइतकी.

मागच्या जोडीचा निकाल पुढच्या उन्हाळ्याआधी लावायचा आहे. तोवर महिन्यातून एकदा चारही टायरांवरून तळहात फिरवतो. शेजारचे देशपांडे गच्चीवरून पाहतात आणि त्यांचा समज झाला आहे की मास्तर गाडीला कुरवाळतात. मी तो दूर केलेला नाही.